राखणीसाठी

ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतसुद्धा नीट जमलं नाही, आणि आता हात थरथरतो म्हणून ओळी खाली घसरतात. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर अक्षराची आणि चुकांची माफी मागते. पण भागाक्काच्या अर्जात मी जे लिहिलं त्यात एकही चूक नव्हती. कचेरीतला कारकून स्वतः तसं म्हणाला होता. एक शब्द मी अगदी शुद्ध लिहिला आणि त्यानंच तिचा घात झाला. इतकी वर्षं झाली तरी राग गेला नाही. मोठ्यानं बोलायची सवय मला कधी नव्हती, म्हणून लिहून ठेवते.

भागाक्का आमची शेजारीण. श्रीगोंद्यापासून दीड कोसावर आमची वस्ती. तिची लिंबोणीची बाग आणि आमचं घर यांच्यामध्ये एक बांध होता, एवढंच. मूलबाळ नव्हतं. नवरा छातीत कळ येऊन गेला तेव्हा ती चाळिशीची असेल. वाटणीनंतर नवऱ्याच्या हिश्शाला आलेली बाग आणि तिच्यातली विहीर सातबाऱ्यावर तिच्या नावानं लागली. ते कागद ती पिठाच्या डब्यात ठेवायची, पिठाखाली.

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले असत. लिंबोणीचा काटा वाईट. एक गडी कामाला होता, तरी तोडणीला ती स्वतः उभी राहायची. बाजारात व्यापाऱ्यानं पोतं उचलून वजनाबद्दल कुरकुर केली की ती नुसता पदर मागं घेऊन हात दाखवायची. व्यापारी पोतं तराजूवर ठेवी.

राग आला की लोकांचा आवाज चढतो, तिचा खाली जायचा. फार राग आला की कुजबुजल्यासारखी बोलायची. माझे मालक साखर कारखान्यात कामाला होते, दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहून त्यांना कमी ऐकू येई. ते म्हणायचे, आक्का मला ऐकू आली नाही की समजायचं, कुणाचं तरी आज काही खरं नाही.

तिला ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला एक चुलत सासू आली होती. आक्कानं तिला जाताना टोपलीभर लिंबं दिली. दारात म्हातारी म्हणाली, बिचारी एकटी पडली. आक्कानं टोपली तिच्या काखेतून काढून घेतली, लिंबं परत सुपात ओतली आणि रिकामी टोपली हातात दिली. हळूच म्हणाली, “बिचारीची लिंबं लई आंबट आसत्यात.”

आता भावजींचं सांगते. संपतराव म्हणजे तिच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. गावात वजनदार माणूस, पांढरी टोपी, पॉलिश केलेल्या वहाणा. त्यांना ती बाग पाहिजे होती, आणि बागेपेक्षा विहीर. आमच्या शिवारात उन्हाळ्यात पाणी टिकणारी तेवढी एकच विहीर होती. त्यांनी तिचा पाट फोडला, कुंपण जाळलं, पण ती शेवटपर्यंत त्यांना ‘भावजी’च म्हणायची, तेही आदरानं. “भावजींनी काल मोटारीची वायर कापून नेली,” असं सांगायची. आम्हाला हसू यायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, नातं त्यांनी सोडलं, मी कशाला सोडू.

नवऱ्याचे दिवस झाल्यावर तेराव्यालाच भावजी कागद घेऊन आले होते. वहिनी, सह्यांचं काम आहे, अंगठा द्या. आक्कानं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही अंगठ्यांना हळदीच्या चिंध्या बांधलेल्या. काटा लागला म्हणाली. आठवड्यानं आले, तरी चिंध्या. पंधरा दिवसांनी आले, तरी चिंध्या. महिनाभर ती बाई तशीच भाकऱ्या थापत होती. शेवटी भावजी चिडून म्हणाले, असा कसला काटा लागलाय. ती म्हणाली, “घरातलाच हाय, निघंना झालाय.” हे सांगताना ती हसायची तेव्हा डोळे मिटून हसायची, आवाज न करता, खांदे हलवत.

पण हे हसण्यावारी गेलं ते तेवढंच. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, हस्त बहाराची म्हणजे उन्हाळ्यातली लिंबं घेऊन ती बैलगाडीनं बाजाराला निघाली होती. भर दुपारची वेळ. ओढ्यापाशी भावजी आणि दोन माणसांनी गाडी अडवली. पोती रस्त्यावर रिकामी केली, लिंबांवरून तिचीच गाडी पुढंमागं फिरवली. मग भावजींनी तिला गाडीच्या चाकाला टेकवून गळ्यावर काठी आडवी धरली आणि म्हणाले, पुढचा बहार तू तोडायची न्हाईस. मी संध्याकाळी तेल घेऊन गेले तेव्हा गळ्यावर हिरवानिळा पट्टा उठला होता. गिळताना दुखत होतं. पोलीस ठाण्यात गेली होती. तिथं म्हणाले, दीर-भावजयीचं भांडण आहे, घरात मिटवा. कागदावर एक ओळ लिहिली नाही.

तेल लावून घेता घेता तिनं मला विचारलं, “सुमन, तुला वाचता येतंय न्हवं? उद्या माझ्यासंगं नगरला चल.”

तिचा नवरा नगरला लष्कराच्या मेसला लिंबं पोचवायचा. त्याच्याबरोबर जाताना तिनं बाजारपेठेत बंदुकांचं दुकान पाहिलं होतं. तिथं जायचं होतं. मी घाबरले, पण वस्तीवर लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच, आणि पुरुषाला सांगितलं असतं तर त्याच दिवशी भावजींच्या कानावर गेलं असतं.

दुकान बन्सीशेठ नावाच्या माणसाचं होतं. भिंतीवर लांब बंदुका ओळीनं साखळीत अडकवलेल्या, काचेखाली काडतुसांच्या पेट्या. मी दाराशीच उभी राहिले. आक्का सरळ आत गेली आणि म्हणाली, “पदरात मावल असं काय हाय का?”

बन्सीशेठ हसले. मग बसवून नीट सांगितलं, त्यांना दोष देत नाही. लांब बंदूक पाहिजे तर पुष्कळ आहेत, पण रिव्हॉल्वर एकच आहे. परदेशी माल येणं सरकारनं बंद केलंय. कुणी परवानेवाला म्हातारा झाला किंवा वारला आणि घरच्यांनी विकायला आणलं, तरच असं हत्यार दुकानात येतं. हे एका निवृत्त लष्करी साहेबाचं होतं. दुसरं कधी येईल सांगता येत नाही, दोन वर्षंही लागतील. किंमत तीन हजार. आणि कलेक्टर कचेरीचा परवाना असल्याशिवाय विकणं सोडा, हातातही देता येत नाही.

त्यांनी कुलूपबंद कपाट दाखवलं. काचेमागं ते काळं हत्यार एका पिवळ्या फडक्यावर ठेवलेलं. आक्कानं काचेवर वीत ठेवून त्याची लांबी मोजली. मग तीच वीत कमरेला ओच्यापाशी लावून पाहिली. बरोबर बसत होतं. सकाळी नगरला उतरल्या उतरल्या तिनं सराफाकडे पाटल्या मोडल्या होत्या. त्यातले पाचशे रुपये इसार म्हणून दिले. सहा महिने ठेवतो म्हणाले, पावती दिली.

तिथून कचेरीत. खिडकीवरच्या कारकुनानं फॉर्म दिला आणि म्हणाला, भरून लगेच आणा, जेवणाची सुट्टी होईल. आम्ही पायरीवर बसलो. मी गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहीत होते. नाव, वय, गाव. मग आलं, ‘हत्यार कोणत्या कारणासाठी पाहिजे’. मी वाचून दाखवलं.

आक्का म्हणाली, “लिही, राखनीसाठी.”

मी लिहिलं, राखणीसाठी. तिनं ‘न’ म्हटलं तरी मी ‘ण’ लिहिला, त्याचाच मला आनंद. कशाची राखण, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं कशाची. आदल्या संध्याकाळीच मी तिच्या गळ्याला तेल लावलं होतं. मला वाटलं, वाचणाऱ्यालाही कळेल. कारकुनानं फॉर्म पाहिला आणि म्हणाला, बाईंचं लिहिणं शुद्ध आहे. परत येताना एस.टी.त मी तेच आठवत होते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आमच्याकडे राखण म्हणजे पिकाची राखण. माळ्यावर बसून गोफण फिरवतात ती. जिल्ह्यातले सगळे शेतकरी बंदुकीच्या अर्जात तेच लिहायचे. आणि पिकाच्या राखणीला कायद्यानं ठासणीची बंदूक मिळते. हे मला कोण सांगणार होतं? कारकुनाला माहीत होतं. त्यानं माझं शुद्धलेखन पाहिलं.

चौकशीला पोलीस पाटील आले. ते भावजींचे साडू. बागेत फिरले, झाडं मोजली, विहिरीत डोकावले. जनावरांचा त्रास आहे का, असं विचारलं. आक्काला माणूस ठाऊक होता, खरं सांगून उपयोग नव्हता. आणि तिची जीभ तिच्या ताब्यात नव्हती. ती म्हणाली, “येतंय की एक डुक्कर. पांढऱ्या टोपीचं हाय.” पाटील खो खो हसले. मीही बांधाआडून हसले. पाटलांनी लिहून नेलं, रानडुकरांचा उपद्रव आहे.

पाच महिन्यांनी परवाना आला. मीच वाचला. ठासणीची बंदूक, एक. पीक संरक्षणार्थ. मी दोनदा वाचलं, मग तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं, म्हंजे मिळालं न्हवं? मी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली.

बन्सीशेठनं परवाना पाहून मान हलवली. यावर रिव्हॉल्वर देता येत नाही, दिलं तर माझं दुकान बंद होईल. ठासणीची पाहिजे तर स्वस्तात देतो म्हणाले, आणि भिंतीवरून एक उतरवून तिच्याजवळ उभी केली. नळीचं तोंड तिच्या खांद्याला लागत होतं. आधी दारू ओतायची, मग कापड, मग छर्रे, मग गजानं ठासायचं, मग घोड्याखाली स्फोटाची टोपी बसवायची. आक्कानं सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, “ठासूस्तवर भावजी थांबत्याल का?”

बन्सीशेठ हसले नाहीत या वेळी. म्हणाले, कचेरीत जाऊन बघा, इसाराची मुदत मी वाढवतो.

कचेरीत तोच कारकून होता. त्यानं आमचा जुना अर्ज काढून बोट ठेवलं. बाई, तुमच्याच अर्जात राखण लिहिलंय, आम्ही काय आमच्या मनानं दिलं का?

आक्काचा आवाज खाली गेला. “राखन कुनाची, ते इचारलं का?”

तो म्हणाला, राखण पिकाचीच असते, सगळे तसंच लिहितात.

“लिंबाला राखन आन मला न्हाई व्हय?”

मागं रांगेतली माणसं हसली. कारकून म्हणाला, नवा अर्ज करा आणि त्यात आत्मसंरक्षण असं लिहा. तो शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता. त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतला आणि लिहिला. परतीच्या गाडीत आक्का तो शब्द जिभेवर फिरवत होती. नीट जमेना. शेवटी म्हणाली, “आत्म्याची राखन. मंग तेच की ग.” मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या अर्जाच्या चौकशीला फौजदार आले. जीप भावजींच्या दारात उभी राहिली, दुपारचं जेवण तिथंच झालं. आक्काकडे ते पाच मिनिटं आले, बसलेही नाहीत. कुणापासून भीती आहे म्हणून विचारलं. भावजी मागंच उभे होते, दात कोरत. या वेळी आक्कानं थट्टा केली नाही. सरळ बोट दाखवलं. भावजी म्हणाले, वहिनींचं डोकं दादा गेल्यापासून ठिकाणावर नाही. फौजदारांनी वही मिटली.

नामंजुरीचं पत्र आलं. त्यातले शब्द मला पाठ आहेत. अर्जदार स्त्री एकटी व निरक्षर असून हत्यार तिच्याकडून हिसकावले जाण्याचा संभव आहे. तिला कोणापासूनही धोका असल्याचे दिसून येत नाही. शिवाय तिला पीक संरक्षणाचा परवाना यापूर्वीच दिलेला आहे.

बाईच्या हातातून हत्यार हिसकावलं जाईल म्हणून ते बाईला द्यायचं नाही. जो हिसकावणार आहे त्याचं काय करायचं, ते कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. मी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा आक्का लिंबं निवडत होती. चांगली एकीकडे, डागी दुसरीकडे. तिचा हात थांबला नाही.

तोवर दुष्काळ आला. गावच्या विहिरी आटल्या, बायका सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. आक्काच्या विहिरीत पाणी होतं. सकाळ-संध्याकाळ ती सगळ्यांना भरू द्यायची, भावजींच्या घरच्या बायकांनासुद्धा. भावजी त्याच सुमाराला गावच्या सोसायटीचे चेअरमन झाले. आणि एक दिवस सकाळी ते आमच्या बांधावरून फिरताना दिसले. सदऱ्यावरून कातडी पट्टा बांधलेला आणि पट्ट्याला हत्यार. बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. रोज सकाळी यायचे. ते कधी उडवलं नाही त्यांनी. उडवायची गरजच नव्हती. आठवड्याभरात आक्काचा गडी काम सोडून गेला. पाणी भरायला येणाऱ्या बायका लांबून दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या.

मग बन्सीशेठचं कार्ड आलं. मुदत संपली आहे, माल विकला गेला आहे, इसार घेऊन जावा.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण त्याबद्दल लिहायला माझ्याकडे फारसं नाही. नगरला जायच्या दिवशी आक्कानं पिठाच्या डब्यातले कागद आणि दोन लुगडी पिशवीत भरून घेतली होती. मला त्याचा अर्थ कळला नाही. तिचा सख्खा भाऊ अकोल्याला शाळेत शिपाई होता. दुकानातून निघाल्यावर ती स्टँडवर श्रीगोंद्याच्या गाडीकडे आलीच नाही, अकोल्याच्या गाडीत बसली. पुन्हा वस्तीवर आली नाही. चार वर्षांनी तिकडेच वारली. बागेचे खटले तिच्या भावानं काही दिवस चालवले, मग सोडून दिले. आज ती बाग भावजींची मुलं खातात.

पण मला दिसते ती दुकानातली.

तिनं बन्सीशेठना एवढंच विचारलं, कुणाला दिलं? त्यांनी विक्रीची वही उघडली. मग म्हणाले, तुमच्याच गावचे आहेत, चेअरमनसाहेब. परवाना कायदेशीर होता, मला नाही म्हणता येत नाही.

त्यांना कशासाठी मिळालं, असं तिनं विचारलं.

आत्मसंरक्षण, बन्सीशेठ म्हणाले. चेअरमनसाहेबांनीच हसत हसत सांगितलं होतं म्हणे. जमिनीवरून भावजयीशी वाद आहे, आणि भावजयीकडे बंदुकीचा परवाना आहे, त्यामुळं जिवाला धोका आहे, असं लिहून दिलं. पुराव्याला तिच्या परवान्याचा नंबर जोडला. दोन महिन्यांत काम झालं.

ती बंदूक तिनं कधी घेतलीसुद्धा नव्हती. नुसता कागद होता, आणि तो कागद माझ्या शब्दावर निघाला होता.

आक्का कपाटाकडे बघत होती. काचेमागं पिवळं फडकं तसंच होतं, वर काही नव्हतं. मग ती वळली आणि म्हणाली, माझे पैसे.

बन्सीशेठनी गल्ला उघडून साडेचारशे मोजले. पन्नास रुपये ठेवणावळीचे कापले म्हणाले. एवढी मुदत वाढवून दिली, कपाट अडकलं, सगळ्यांचेच कापतात.

आक्का बोलली ते ऐकायला त्यांना काउंटरवर वाकावं लागलं. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

“शेठ, परवान्याबिगर हात लावायचा न्हाई म्हनला. मी लावला न्हाई. आता माझ्या पैशाला तुमी लावू नका.”

बन्सीशेठनी गल्ल्यातून पन्नासाची नोट काढून साडेचारशेवर ठेवली. आक्कानं ओरखडलेल्या बोटांनी सगळ्या नोटा एकेक करून मोजल्या. एक फाटकी निघाली, ती बदलून मागितली. त्यांनी बदलून दिली. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पाचशे पुरे भरले.